खांद्यावर चार पट्टे, डोळ्यांवर झोप

इंदापूर तालुक्यात आकाशातली घरघर ऐकून आता कुणी मान वर करत नाही. बारामतीच्या धावपट्टीवरून उडालेली छोटी शिकाऊ विमानं उसाच्या फडांवरून घिरट्या घालतात आणि परत जातात. पळसदेवला पुणे-सोलापूर हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर बसलेल्या पोरापोरींना मात्र दोन प्रश्न हमखास पडतात. 'हे शिकायला खर्च किती येतो रे?' आणि 'पगार किती मिळतो?'

पहिल्याचं उत्तर घाम फोडणारं आहे. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, क्लास वन मेडिकल, २०० तासांचं उड्डाण, मग कमर्शियल पायलट लायसन्स, त्यानंतर एखाद्या मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग. सगळं मिळून आकडा अर्ध्या कोटीच्या पुढे सहज जातो. दुसऱ्याचं उत्तर डोळे दिपवणारं आहे. मोठ्या एअरलाइनमधल्या कॅप्टनचा महिन्याचा पगार लाखांत मोजतात.

तिसरा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. झोप किती मिळते? आणि ती किती मिळावी, हे ठरवतं कोण?

हा प्रश्न किती मोठा आहे, ते डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात सगळ्या देशाने पाहिलं.

विमानं होती, पायलट नव्हते

२ डिसेंबरपासून इंडिगोची उड्डाणं रद्द व्हायला लागली. ५ तारखेला तर एकाच दिवसात हजाराच्या वर फ्लाइट रद्द झाल्या. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर विमानं जागच्या जागी उभी राहिली आणि प्रवासी बॅगांवर डोकं ठेवून झोपले. कुणाचं लग्न हुकलं, कुणाची मुलाखत, कुणाची परीक्षा. वादळ नव्हतं, संपही नव्हता. मग झालं काय?

झालं असं, की पायलटांना जास्त विश्रांती देणारा नियम पूर्णपणे लागू झाला आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या एअरलाइनकडे त्या नियमाप्रमाणे विमानं उडवायला पुरेसे पायलट नव्हते.

या नियमाचं नाव 'फ्लाइट ड्यूटी टाइम लिमिटेशन्स', थोडक्यात एफडीटीएल. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, सुधारित नियम ८ जानेवारी २०२४ ला जाहीर केले. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. पूर्वी मध्यरात्र ते पहाटे ५ ही 'रात्र' धरली जायची, आता ती ६ पर्यंत. रात्रीच्या ड्यूटीत पूर्वी सहा लँडिंग चालायची, आता फक्त दोन. आणि कंपन्यांनी पायलटांच्या थकव्याचा अहवाल दर तीन महिन्यांनी डीजीसीएला द्यायचा.

वाचायला साधं वाटतं. पण ८ जानेवारी २०२४ ला जाहीर झालेला नियम पूर्ण लागू व्हायला १ नोव्हेंबर २०२५ का उजाडावा लागला? खरी गोष्ट इथे आहे.

पावणेतीन तासांचं गणित

त्याआधी एक गैरसमज काढून टाकू. नियमाप्रमाणे पायलटला वर्षात जास्तीत जास्त १००० तास उडता येतं. ३६५ ने भागलं तर दिवसाला पावणेतीन तास. 'एवढ्याशा कामाला एवढा पगार? आणि वर विश्रांती पण?' असं कुणालाही वाटेल.

पण हे तास विमान जागेवरून हलल्यापासून ते उतरून थांबेपर्यंतचे. ब्रीफिंग, हवामानाची माहिती, इंधनाचा हिशोब, दोन फ्लाइटमधलं थांबणं, उशिरा आलेलं विमान, हे सगळं त्यात धरत नाहीत. पगाराचा एक मोठा भागही याच उड्डाणाच्या तासांवर ठरतो. जमिनीवर घालवलेला वेळ ड्यूटीत मोजला जातो, पण फ्लाइंगच्या तासांत नाही.

आता पहाटे ५ ची फ्लाइट घ्या. कॅप्टनला ४ वाजता विमानतळावर हजर राहायचंय. घरून ३ ला निघायचं, म्हणजे गजर २ चा. शरीराला झोप सगळ्यात जास्त हवी असते ती पहाटे २ ते ६ या वेळात. त्याच वेळात हा माणूस दीडशे-पावणेदोनशे लोकांना घेऊन उडायच्या तयारीत आहे. उद्या दुपारची ड्यूटी, परवा रात्रीची, तेरवा पुन्हा पहाटेची.

आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज नाही. शेतीची वीज रात्रपाळीला आली की उसाला पाणी द्यायला मध्यरात्री कोण उठतं, ते प्रत्येक घराला माहीत आहे. आठ दिवस रात्रीची वीज, मग आठ दिवस दिवसाची. त्या बदलाच्या दिवसांत डोकं कसं जड होतं, तेही माहीत आहे. कारखान्याच्या हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे रात्री गाडी चालवताना आपण एकच प्रार्थना करतो, 'बाबा, ड्रायव्हरला डुलकी लागू नये.' कॉकपिटमध्येही शरीर माणसाचंच असतं.

डुलकीची किंमत

२२ मे २०१०. दुबईहून मंगळूरला आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं. १५८ जण गेले, ८ वाचले. चौकशीत कळलं, की कॅप्टन प्रवासातला बराच वेळ झोपलेला होता. कॉकपिटमधल्या रेकॉर्डरवर घोरण्याचा आवाज होता. गाढ झोपेतून उठल्यावर काही वेळ मेंदू धड चालत नाही. त्या अवस्थेत त्याने लँडिंग केलं आणि सहपायलटने 'पुन्हा वर घेऊ' असं सुचवूनही ते पुढे रेटलं.

अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलो शहराजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० जणांचा जीव गेला. दोन्ही पायलटांना धड झोप मिळालेली नव्हती. मृतांचे नातेवाईक आणि पायलटांच्या संघटना वर्षानुवर्षं मागे लागल्या, तेव्हा विश्रांतीचे कडक नियम जानेवारी २०१४ पासून लागू झाले.

आपल्याकडे २०२२ मध्ये सेफ्टी मॅटर्स फाउंडेशन या संस्थेने ५४२ पायलटांना विचारलं होतं. त्यातल्या ६६ टक्के पायलटांनी कबूल केलं, की कॉकपिटमध्ये सहकाऱ्याला न सांगता आपला डोळा लागलेला आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याच्या फ्लाइटसाठी निघालेला चाळिशीतला एक कॅप्टन बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि गेला. त्याला नियमाप्रमाणे विश्रांती मिळाली होती, असं सांगण्यात आलं. त्यामुळे त्याच्या मृत्यूचं कारण थकवा होता, असं म्हणता येणार नाही. पण त्याच्या आदल्या दिवशीच्या ड्यूटीची वेळ बातम्यांत आली, पहाटे ३ ते सकाळी ७, तेव्हा 'पायलट झोपतात कधी?' हा प्रश्न सामान्य प्रवाशांनाही पडला.

नियम आला कोणामुळे?

थकव्याबद्दल एकटा पायलट बोलू शकतो का? कागदावर बोलू शकतो. थकलेल्या पायलटने उडू नये, असं नियमच सांगतो. पण आपण पंचविशीतले फर्स्ट ऑफिसर आहोत, डोक्यावर ट्रेनिंगचं कर्ज आहे, पुढच्या वर्षी कॅप्टन व्हायचंय, अशा वेळी पहाटे ३ ला ऑफिसला फोन करून 'मी आज उडू शकत नाही' म्हणायला किती जणांची जीभ वळेल? आणि महिन्यात दुसऱ्यांदा?

म्हणूनच हे काम संघटनेने केलं. इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन, इंडियन पायलट्स गिल्ड आणि फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्स दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२४ चे नियम मुळात १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. एअरलाइन कंपन्यांनी जास्त पायलट लागतील, फ्लाइट कमी कराव्या लागतील, असं म्हणत मुदत मागितली आणि डीजीसीएने नियम लांबणीवर टाकले. पायलटांच्या संघटनांनी मात्र पाठ सोडली नाही. शेवटी २०२५ मध्ये डीजीसीएने न्यायालयापुढे वेळापत्रक ठेवलं. २२ पैकी १५ कलमं १ जुलैपासून आणि उरलेली १ नोव्हेंबरपासून.

म्हणजे आठवड्याला मिळालेले ते जादा १२ तास कोणत्याही कंपनीने आपणहून दिलेले नाहीत.

पुढे काय झालं, तेही बघा. डिसेंबरात गोंधळ झाल्यावर ५ तारखेला डीजीसीएने इंडिगोला रात्रीच्या ड्यूटीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये, ही अटही सगळ्यांसाठी मागे घेतली. एअरलाइन पायलट्स असोसिएशन ऑफ इंडियाने लगेच विरोध केला. फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्सचं म्हणणं होतं, तयारीला जवळपास दोन वर्षं मिळाली, तेव्हा कंपनीने भरती का थांबवून ठेवली? टीव्हीवर मात्र दोन दिवस एकच सूर होता, 'नव्या नियमामुळे प्रवाशांचे हाल'. नियम कशासाठी आला, हे सांगायला संघटना नसत्या तर दुसरी बाजू आपल्यापर्यंत पोचलीच नसती.

टेबल नसलं की सिक लीव्ह

'एवढा पगार घेणाऱ्यांना युनियन कशाला?' हा प्रश्न जुना आहे. २००९ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजच्या पायलटांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड ही संघटना काढली. कंपनीने त्यातल्या दोन पायलटांना कामावरून काढलं. ८ सप्टेंबरपासून शेकडो पायलटांनी एकदम आजारपणाची रजा टाकली. पाच दिवस शेकडो फ्लाइट रद्द झाल्या. शेवटी काढलेल्यांना परत घेतलं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये हेच चित्र विस्तारात दिसलं. एअर इंडियात विलीन होण्याआधी नवा करार आला. पूर्वी ७० तासांचा पगार ठरलेला होता, तो ४० तासांवर आला. बरेच पायलट आजारी पडले, निदान कागदावर तरी. कंपनीला रोजच्या २५ ते ३० फ्लाइट कमी कराव्या लागल्या.

दोन्ही वेळा गोष्ट एकच. कंपनी आणि पायलट समोरासमोर बसतील असं मान्य टेबल नसेल तर राग दाबला जातो आणि एक दिवस सिक लीव्हच्या रूपाने बाहेर पडतो. त्याची किंमत कोण देतं? विमानतळावर बसलेला प्रवासी.

याचा अर्थ युनियन म्हणजे जादूची कांडी असाही नाही. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या, पण पायलटांच्या संघटना दोन राहिल्या आणि त्यांच्यात पगार-बढतीवरून वाजत राहिलं. २०१२ मध्ये ड्रीमलायनर विमानाचं ट्रेनिंग कुणाला द्यायचं यावरून इंडियन पायलट्स गिल्डने ५८ दिवस संप केला. सुमारे शंभर पायलटांना काढलं, संघटनेची मान्यता गेली. संप मिटला तो दिल्ली उच्च न्यायालयात, जुलैच्या सुरुवातीला. प्रवाशांची सहानुभूती केव्हाच संपली होती. दोन पायलट आपसात भांडले की फायदा तिसऱ्याचाच होतो, हे त्या ५८ दिवसांनी शिकवलं.

आपण एसटीचा संप बघितलाय. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ एसटी जवळपास ठप्प होती, कॉलेजला जायला वडापशिवाय काही नव्हतं. तेव्हा कुणी ड्रायव्हर-कंडक्टरच्या बाजूने होतं, कुणी वैतागलं होतं. पण त्यांच्या पगाराची स्लिप किती जणांनी त्याआधी पाहिली होती? संप होईपर्यंत आपल्याला कामगार दिसतच नाही. एसटीच्या खाकीत असो, की पांढऱ्या शर्टात.

पायलट कामगार आहे का?

प्रश्न गमतीचा वाटेल, पण कोर्टात तो बरीच वर्षं चालला. कंपन्यांचा युक्तिवाद असा, की कॅप्टन विमानातल्या इतर कर्मचाऱ्यांवर देखरेख करतो, पगारही मोठा, मग तो 'वर्कमन' कसा? २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका जुन्या वादात सांगितलं, की पायलटचं मुख्य काम विमान उडवणं, म्हणजे कौशल्याचं तांत्रिक काम. तो औद्योगिक विवाद कायद्याखाली वर्कमनच.

आणि आता तो कायदाच बदललाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्याप्रमाणे संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल रजा घेतली तर तोही संप धरला जातो. दुसरीकडे, ज्या युनियनकडे ५१ टक्के कामगार असतील तिला वाटाघाटीचा अधिकार मिळतो. संप अवघड झाला, पण संख्या असेल तर टेबल मिळायची वाट उघडली. हे फक्त पायलटांना नाही. उद्या तुम्ही चाकणच्या कारखान्यात लागा, नाहीतर बारामतीच्या एमआयडीसीत, कायदा हाच.

पायलटच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे, नोटीस पिरियडची. २०१७ पासून डीजीसीएच्या नियमाप्रमाणे कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्ष आधी सांगावं लागतं, फर्स्ट ऑफिसरला सहा महिने. कंपनी चांगली चालली असेल तर ठीक. पण किंगफिशर २०१२ मध्ये आणि जेट १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली, त्याआधी कित्येक महिने पगार थकले होते. पगार नाही, सोडताही येत नाही आणि बँकेचा हप्ता चालूच. अशा वेळी एकट्याने वकील करणं आणि संघटनेने न्यायालयात जाणं, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

जमीन गहाण टाकण्याआधी

पळसदेवची ही बाजू विसरून चालणार नाही. जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या पळसनाथाच्या देवळाचं शिखर वर येतं आणि म्हातारी माणसं बोटाने दाखवतात, 'आपलं घर तिथं होतं.' अशा गावात उरलेल्या जमिनीवर कर्ज काढून पोराला किंवा पोरीला पायलट करायचं, हा निर्णय एका माणसाच्या करिअरपुरता राहत नाही. त्यात सगळं घर उतरतं.

शिकताना धोका नसतो असंही नाही. जुलै २०२२ मध्ये बारामतीहून उडालेलं शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यातच, कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. एकटीच उडत असलेली तरुण पायलट किरकोळ जखमांवर वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर बारामतीजवळ चार दिवसांत दोन विमानं पडली आणि डीजीसीएने त्या संस्थेचं ट्रेनिंग थांबवलं. शिकत असताना तुम्ही कर्मचारी नसता, फी भरणारे ग्राहक असता. त्यामुळे तिथे प्रश्न विचारायचं काम तुमचं आणि तुमच्या घरच्यांचं.

कुणाला घाबरवायला हे लिहिलेलं नाही. आपल्या देशात महिला पायलटांचं प्रमाण जगातल्या बहुतेक देशांपेक्षा जास्त आहे. विमानं वाढताहेत, पायलट लागणार आहेत. तुमच्यातली कुणीतरी तिथे जाणारच. जाताना डोळे उघडे ठेवून जा, एवढंच. आणि तिथे पोचल्यावर थकलेल्या सहकाऱ्याच्या बाजूने बोलायची वेळ आली तर मागे हटू नका. ४८ तासांची ती विश्रांती तुमच्याआधी कुणीतरी असं बोललं म्हणून आली आहे.

सही करण्याआधी विचारा

– ट्रेनिंग संस्थेत: विमानं किती, इन्स्ट्रक्टर किती, २०० तास पूर्ण व्हायला आधीच्या बॅचला प्रत्यक्षात किती महिने लागले? डीजीसीएने संस्थेवर कधी कारवाई केली आहे का?

– फी एकरकमी मागतात की टप्प्याने? मध्येच संस्था बंद पडली किंवा मेडिकलमध्ये नापास झालात तर किती पैसे परत?

– कर्ज काढण्याआधी क्लास वन मेडिकल करून घेतलं का?

– नोकरीच्या करारात: किती तासांचा पगार ठरलेला, त्यापुढचा दर काय? बाँड किती वर्षांचा, नोटीस किती महिन्यांची?

– महिन्याचं रोस्टर किती दिवस आधी मिळतं? थकव्याची तक्रार कुणाकडे करायची? ती केल्यावर पगार कापतात का?

– कंपनीत पायलटांची संघटना आहे का? नसेल तर का नाही? हे एचआरला नका विचारू, तिथे उडणाऱ्या सीनियरला विचारा.